सावलीत हळू चालणारी बस

आमच्या रस्त्यावर कुणाच्या घरी काय शिजतंय ते झाकण उघडायच्या आधीच मला कळतं, अशी माझी ख्याती आहे. तेव्हा कालिपा-एजेबद्दल लिहायचं झालं तर ते मीच लिहिणार. त्यात माझीही थोडी नाचक्की आहे. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा ती मीच सांगितलेली बरी.

कालिपा-एजेने बिश्केकमध्ये सत्तावीस वर्षं ट्रॉलीबस चालवली. बांधा ठेंगणा, आवाज असा की गाडीला भोंगा नसता तरी चाललं असतं. सगळ्या रस्त्याची ती थोरली बहीण, म्हणून नावापुढे एजे. चौकातला पोलिससुद्धा तिला एजेच म्हणतो, आणि म्हणताना शिट्टी तोंडातून काढतो.

तिच्या गाडीची एक खोड होती. सगळ्या शहरात ती वेळेवर धावायची, फक्त आमच्या रस्त्यावर आली की बैलगाडी व्हायची. जुलैत ड्रायव्हरची केबिन म्हणजे तंदूर. आमच्या रस्त्याला मात्र दोन्ही बाजूंनी करागाचाची, म्हणजे एल्मची, चव्वेचाळीस झाडं, वर फांद्यांत फांद्या अडकलेल्या, आणि खाली बुंध्यांशी डोंगरातल्या पाण्याचे पाट. एजे इथे गाडी पावलापावलाने न्यायची. तपासनीसाने एकदा गाडीत चढून विचारलं, "इथे रोज दोन मिनिटं उशीर का होतो?"

"लोकांना गार करून पोचवते," एजे म्हणाली. "तुम्हाला उकडलेले हवे असतील तर मागची गाडी बघा."

तपासनिसाला पुढच्या थांब्यावर उतरायचं होतं. तो सावली संपेपर्यंत बसून राहिला.

मग ट्रॉलीबस बंद झाल्या, तारा उतरल्या, एजे घरी बसली. घरी म्हणजे रस्त्याच्या खालच्या टोकाला, जुन्या थांब्याच्या बाकावर. गाडी येणार नाही हे ठाऊक असूनही ती तिथेच बसायची. "सावली काही निवृत्त झालेली नाही," म्हणायची.

पण सावलीचंही काही खरं राहिलं नव्हतं. गेले तीन उन्हाळे आमचा पाट कोरडा. पहिल्या वर्षी पानं पिवळी पडली, दुसऱ्या वर्षी शेंडे वाळले, तिसऱ्या वर्षी झाडं जेमतेम पालवली. पाणी कुठे जातंय हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि भेटेल त्याला मी ते सांगत होतो. चौकापलीकडे वरच्या अंगाला असिलबेकचं नवं हॉटेल आहे. त्याच्या अंगणात कारंजं उडतं. कारंज्याला पाणी कुठलं? आमचं! ही बातमी मी इतक्या मेहनतीने पसरवली की त्याच्याकडे शाश्लिक कबाब खायला जाणारेसुद्धा मान खाली घालून जायला लागले.

नूरूझच्या, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या, आदल्या आठवड्यात इल्गिझ नावाचा एक तरुण इंजिनियर नकाशा घेऊन आला. त्याच्या माणसांनी एकतीस झाडांवर लाल फुल्या मारल्या आणि शेजारी आकडे टाकले. झाडं मेलेली आहेत, वीस एप्रिलला तोडणार, पाट बुजवणार, रस्ता रुंद करणार.

एजे बाकावरून उठली. "मेलीत हे कशावरून, बाळा?"

"एजे, एकावर तरी पान दिसतंय का?"

"मार्च महिन्यात?"

"पण शेंडे वाळलेत."

"तुझ्या डोक्यावरही पुढे फारसं राहिलेलं नाही. तुला तोडला का कुणी?"

आम्ही खो खो हसलो. इल्गिझनेही नकळत कपाळावर हात नेला. पण फुल्या तशाच राहिल्या. जाताना तो हळूच म्हणाला, "एजे, ही झाडं जिवंत आहेत हे कागदावर आलं तर मलाही आनंदच होईल. पण मी जे दिसतं तेच लिहितो."

त्या संध्याकाळी एजेने चहा घेतला नाही. मी पुढे केलेला कप तिने बाकावर ठेवून दिला. मग स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली, "गाडी गेली तेव्हा मी काही बोलले नाही, मेदेर. झाडं जाऊ देणार नाही."

आता पुढचं ऐका, आणि यात कुणाचा डाव होता असं समजू नका. नूरूझ झाला की एका शनिवारी सगळं शहर साफसफाईला बाहेर पडतं. बायका पानं लोटतात, पुरुष फावडी टेकून गप्पा मारतात आणि झाडांच्या बुंध्यांना कमरेएवढा चुना लावतात. माझे आजोबा लावायचे, वडील लावायचे, मीही लावतो. हातात कुंचा आणि समोर बुंधा असला की डोक्याचं काम उरत नाही. त्या शनिवारी सगळा रस्ता बादल्या घेऊन उतरला, कुणीतरी कणकेचे बोर्सोक तळून आणले, आणि दुपारपर्यंत चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस झाडं पांढरी शुभ्र. फुल्या कुठे होत्या हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. एजेला विचारलं तर ती भोळा चेहरा करून म्हणाली, "दरवर्षी लावतो, यंदा नको का लावायला?" चुना मात्र या वर्षी तिने जरा दाट कालवला होता, एवढं मी बघितलं होतं.

वीस एप्रिलला करवतीवाले आले. त्यांचा मुकादम तोक्तोसून-उस्ता म्हणजे तीस वर्षं झाडं तोडणारा, तोडण्याआधी प्रत्येक झाडाची मनोमन माफी मागणारा माणूस. त्याने रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चक्कर मारली आणि कागद घडी करून खिशात टाकला.

"काय झालं, उस्ता?" मी विचारलं.

"कागदावर एकतीस आकडे आहेत. झाडावर एक नाही. खूण नाही तर करवत नाही."

"चुन्याखाली असेल की."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं देव जाणे. एजेने माझ्याकडे असं पाहिलं की माझं तोंड आपोआप मिटलं.

उस्ता म्हणाला, "मला झाडं तोडायचा पगार आहे, खरवडायचा नाही." आणि माणसांना घेऊन निघून गेला. इल्गिझला पुन्हा पाहणी करणं भाग पडलं. तारीख पडली वीस मे.

महिना मिळाला होता. पण पाण्याशिवाय महिनाभरात पालवी कुठून फुटणार? वरच्या पाटांना पाणी सुटलं होतं, आमच्याकडे थेंब नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी एजेने लोखंडी सळई घेतली, ट्रॉलीबसचे दांडे तारेवर चढवताना घालायची ते जाड हातमोजे चढवले आणि निघाली.

"कुठे, एजे?"

"पाणी कुठे उतरतं ते बघायला. तू येतोस?"

मी येणारच! असिलबेकची फजिती मला पुढच्या ओळीतून बघायची होती. मीच हाका मारून मारून पंधरा-वीस लोक गोळा केले. हॉटेलपाशी पोचलो. एजेने जाळी उचलली, आणि खाली पाणी खळाळत वाहत होतं. स्वच्छ, वीतभर खोल.

असिलबेक दारात आला. "कारंज्यात तेच तेच पाणी फिरतं, मेदेर. पंप आहे त्याला. दोन वर्षं मी ऐकून घेतोय. चहा घेणार?"

मी लोकांच्या मागे सरकलो. एजे पाण्याबरोबर उलटी निघाली, उताराने, सळई टोचत टोचत. चौक ओलांडला. पाणी होतं. आमच्या रस्त्याच्या तोंडाशी आलो. पाणी होतं. पहिलं घर आलं, आणि पाणी फाटकाखाली शिरून थबकलं, वळलं, गटारात गेलं.

पहिलं घर माझं.

"मेदेर," एजे अगदी गोड आवाजात म्हणाली, "तू गाडी कधी घेतलीस रे?"

"झाली असतील... तीन वर्षं."

"आणि गाडी आत घ्यायला पाटावर सिमेंट कधी ओतलंस?"

मी आभाळाकडे पाहिलं. खाली पाइप टाकला होता मी, टाकला नाही असं नाही. जरा लहान होता इतकंच. मागून माझ्या बायकोचा, जिल्दिझचा आवाज आला, "मी तेव्हाच म्हणाले होते की हा पाइप आहे की शेवई?" त्यावर जो हशा उसळला तो मला अजून झोपेत ऐकू येतो.

असिलबेकने आपल्या हॉटेलातून घण आणून माझ्या हातात दिला. स्वतःच्या हाताने ओतलेलं सिमेंट मी स्वतःच्या हाताने फोडलं, आणि सगळे काठाकाठाने बसून चहा पीत मला फोडायची पद्धत शिकवत होते. पाइपातून बाटल्या निघाल्या, एक नमद्याचा बूट निघाला, आणि जे शेजाऱ्याने चोरलं म्हणून मी वर्षभर त्याच्याशी बोललो नव्हतो ते माझ्याच गाडीच्या चाकाचं झाकण निघालं. चिखलाचा शेवटचा गोळा एजेने सळईने ढकलला.

पाणी सुटलं. आधी काळं, पानं-काड्या पुढे ढकलत, मग तांबूस, मग स्वच्छ. आम्ही सगळे त्याच्याबरोबर चालत होतो. पाणी एका झाडापाशी आलं की थांबायचं, माती फुसफुसायची, बुडबुडे यायचे, मग ते पुढच्या झाडाकडे निघायचं. शेवटच्या झाडापाशी, बाकाजवळ पोचायला त्याला दुपार झाली. एजेने हातमोजे काढले, ओंजळभर पाणी तोंडावर मारलं आणि ओरडली, "आलं रे, शेवटच्या थांब्यापर्यंत आलं!"

वीस मेला इल्गिझ आला. प्रत्येक झाडाखाली उभं राहून वर बघत, मान अवघडेपर्यंत मोजत गेला. सगळा रस्ता त्याच्या मागे, बोटांवर मोजत. बाकापाशी येऊन त्याने वहीत लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "मेलेली तीन. जिवंत एक्केचाळीस."

इतका आरडाओरडा झाला की चौकातल्या पोलिसाने शिट्टी वाजवली. एजे मात्र व्यवहाराची. "आता रस्ता रुंद कसा करणार, इंजिनियरसाहेब?"

"तोच प्रश्न आहे. विजेवरच्या नव्या बससाठी एक पट्टा हवा. जागा कुठून आणू?"

एजेने बोट केलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्यांची रांग उभी होती. रांगेत पहिली माझी, कारण फाटकापुढचं सिमेंट फोडल्यापासून ती बाहेरच होती.

"ही झाडं हलत नाहीत. या हलतात. चाकं आहेत त्यांना."

नकाशा बदलला. एका बाजूच्या गाड्या हलल्या, त्या जागी बसचा पट्टा आला. पाट उघडे राहिले, तीन मेलेल्या झाडांच्या जागी रोपं लागली आणि एकाला पाणी घालायची शिक्षा मला झाली. माझ्या फाटकापुढे आता लाकडी फळ्या आहेत. गाडी मी विकली. त्यावरून जे टोमणे पडले ते सोडा.

पुढच्या जुलैत पहिली बस आली, हिरवी, आवाज न करणारी. एजे सगळ्यात पुढच्या आसनावर, मी तिच्या मागे. ड्रायव्हर होती नवी पोरगी, तिने चौकातून वळताच वेग घेतला. पहिल्या झाडाची सावली काचेवर पडली तशी एजे तोच जुना आवाज काढून गरजली,

"अगं ए, सावलीत हळू!"

मुलीने आरशात पाहिलं, हसली, आणि बस पावलापावलाने चालू लागली.