आधी निळे

पडद्यावरच्या पोरीनं छातीवरचा राखाडी बिल्ला ओरबाडून फेकला आणि थिएटरभर टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात माझी भाची गौरी वाजवत होती. तिच्या क्लासनं दहावीच्या पोरांना सिनेमाला आणलं होतं आणि तिच्या आईऐवजी सोबतीला मी आले होते.

या सिनेमाचा हा तिसरा भाग. पुढच्या काळातल्या कुठल्याशा शहरात परीक्षा घेऊन मुलांना रंग वाटून देतात आणि मग जन्मभर तोच रंग. मला या सिनेमावाल्यांचा वैताग येतो. त्यांना जुलूम दाखवायचा म्हणजे पडक्या इमारती लागतात, उंच भिंती लागतात, बंदूकवाले शिपाई लागतात. इतका खर्च कशाला? जुलूम धुऊन इस्त्री केलेला असतो, आणि आईच सकाळी तो हातात देते.

बाहेर क्लासची बस उभी होती. या क्लासमध्ये चाचणीच्या मार्कांवर टी-शर्ट मिळतात, हुशारांना निळे आणि बाकीच्यांना पिवळे. गौरीचा पिवळा. दारापाशी येऊन ती थबकली.

"अगं, चढ की. जागा आहे."

"आधी निळे बसतात, मावशी." लहान मुलाला सांगावं तसं तिनं मला सांगितलं.

"मग आत टाळ्या कशाला वाजवल्यास?"

"सिनेमा भारी होता ना," ती म्हणाली. टी-शर्टावरचे पॉपकॉर्नचे कण तिनं नीट झटकले आणि बाकीच्या पिवळ्यांसोबत उन्हात उभी राहिली.