भोंगा काढलेल्या घंटागाडीवरची शाळा

एसटीत ड्रायव्हर होतो तेव्हा किस्से व्हायचे प्रवाशांचे अन् सांगायचा कंडक्टर. माझ्या वाट्याचे किस्से जमायला लागले ते रिटायर झाल्यावर! जालन्यात कामगारांसाठी ड्रायव्हिंगचा एक मोफत वर्ग चालतो, तिथं मी शिकवतो. गाडी म्हणजे भंगारात निघालेली जुनी घंटागाडी, फक्त भोंगा काढलेली. एक बॅच गेली की दोन-चार किस्से मागं सोडून जाते. बायको म्हणते, "जेवताना तरी गाडीतून खाली उतरा!"

*

मोंढ्यात धान्याची पोती वाहणारा हमाल मारोती पहिल्याच दिवशी चपला खाली काढून गाडीत चढला.

"देवळात चाललास का रे?"

"लक्ष्मी हाय सर. पाय कसा लावायचा?"

"मंग ब्रेक काय हातानं मारतो?" मी खेकसलो.

आता चपला घालतो. पण आधी ब्रेकला हात लावून पाया पडतो, मगच पाय ठेवतो.

*

मोंढ्यात ट्रक मागं घेताना हमाल ओरडतात, "येऊ द्या, येऊ द्या!" मारोतीचा जन्म त्यातच गेला. त्याला रिव्हर्स घ्यायला सांगितलं, तर पठ्ठ्यानं खिडकीतून मान बाहेर काढली अन् स्वतःच सुरू, "येऊ द्या, येऊ द्या..." गाडी धाडकन लिंबाच्या झाडावर!

"बास कामून म्हणला न्हाईस?"

"म्हणलं की सर! ड्रायव्हरनं ऐकलं न्हाई!"

*

वर्गाला फी नाही, पण ही माणसं फुकटचं ठेवून घेत नाहीत. मारोतीनं आमचे वर्षाचे गहू पाठीवर वाहून आणले अन् मोंढ्यातल्या सवयीनं थप्पी लावली ती थेट छतापर्यंत. बायकोचा हात काही पोचेना.

"काकू, मी हाय ना," म्हणाला. लायसन मिळून गेला, तरी पोतं उतरवायला अजून येतो. आमच्या सख्ख्या पोराला गहू संपल्याचा पत्ता नसतो!

*

आता शीलाताई. घंटागाडीच्या मागं चालायचं अन् घरोघरचे डबे गाडीत ओतायचे, हे त्यांचं काम. चालून चालून गुडघे गेले. ठेकेदारानं साफ सांगितलं, "लायसन आणा, गाडीवर बसवतो. न्हाई तर घरी बसा." घरात कमावणाऱ्या त्या एकट्या.

मी पडलो तापट. "क्लच! अहो क्लच!" म्हणून ओरडलो की गाडी बंद. एकदा त्यांनी किल्लीच काढली.

"सर, तुम्ही आधी बराबर वरडून घ्या. मंग मी चालवते."

तेव्हापासून मी वर्गाआधीच ओरडून घेतो. खरं सांगू? बीपी कमी झालं!

*

टेस्टच्या दिवशी शेजारी आरटीओचे साहेब बसले, मी मागं. शीलाताईंनी गाडी झकास काढली अन् पहिल्या घरापुढं थांबवली. पुन्हा निघाल्या, दुसऱ्या घरापुढं थांबल्या. तिसऱ्याही.

"बाई, मधीच कामून थांबून राह्यल्या?" साहेब वैतागले.

"घर आलं ना साहेब!"

नापास. त्या दिवशी मला ओरडावंसंही वाटलं नाही. त्या पदरानं तोंड पुसून एवढंच म्हणाल्या, "पायाला सवय लागली हो सर."

*

पुढची टेस्ट. ठेकेदार आता थांबणार नव्हता. घरामागून घर जात होतं, शीलाताई ओठ दाबून चालवत होत्या. तेवढ्यात गाडी ओळखून एक म्हातारी डबा घेऊन धावत आली, "ओ ताई! थांबा की!" शीलाताईंचे डोळे भरून आले, पण पाय ब्रेकवर गेला नाही. म्हातारी मागं राहिली.

चौकात गाडी नीट उभी राहिली. साहेब म्हणाले, "पास!"

मला तर हुंदकाच फुटला. मी हात जोडले, "जिंकलं ताई तुम्ही!"

"जय भीम सर, उपकार झाले तुमचे," म्हणत त्या खाली उतरल्या. किल्ली माझ्या हातात दिली अन् आल्या वाटेनं लंगडत चालू लागल्या.

"अहो, आता कुठं?"

"आलेच सर. त्या आजीचा डबा राह्यला ना!"