उपग्रहाचं भांडं

नव्वदच्या दशकात मी उपग्रहचित्रांच्या कार्यालयात नोकरीला होतो, तरुण होतो आणि माझ्या मते बऱ्यापैकी विद्वान होतो. टोकावड्याच्या पुढे एका पाड्यावर जाऊन मी लोकांना सांगितलं, की तुमच्या शेतांवरून एक उपग्रह जाणार आहे आणि तो मायक्रोवेव्ह सोडणार आहे. वर ‘शहरात याच लहरींवर जेवण गरम करतात’ अशी भरही घातली. ज्यांच्या पडवीत मी चहा पीत होतो, त्या मावशींनी विचारलं, “मंग आमचा भात उभ्या उभ्याच शिजल का, सायेब?”

ते निस्तरण्यात माझी सबंध सकाळ गेली. खरं तर गोष्ट साधी होती. आधीचे उपग्रह उन्हाच्या उजेडात जमिनीची चित्रं काढत. भात पिकतो पावसाळ्यात, आणि पावसाळाभर आभाळ झाकलेलं. त्यामुळे त्यांना भात सोडून बाकी सगळं दिसे. मग रडारवाले उपग्रह आले. ते स्वतःच लहरी खाली सोडतात आणि परत येतील त्या टिपतात. ढगांची त्यांना पर्वा नाही. खाचरातलं पाणी लहरी भलतीकडेच उडवून देतं, म्हणून चित्रात काळं दिसतं. रोपं वाढली की तीच जागा उजळत जाते. ढगांखालचा भात वाढताना दिसणार, याचं आम्हाला कोण अप्रूप.

पण त्या काळ्या-करड्या पसाऱ्यात कोणतं खाचर कुठलं, हे ओळखायचं कसं? त्यासाठी ॲल्युमिनियमचे तीन पत्रे खोलीच्या कोपऱ्यासारखे जोडून आभाळाकडे तोंड करून शेतात ठेवायचे. लहर आत शिरली की आल्या वाटेने परत जाते आणि चित्रात तिथे पांढरा ठिपका चमकतो. ठिपका नाही, तर मी पावसाळाभर चिखलात केलेली रोपांची मोजणी फुकट.

मावशींनी या पत्र्यांसाठी बांधालगतचा कोपरा लावणी न करता सोडला. बदल्यात त्यांना काही नको होतं, फक्त चित्रात आपलं शेत बघायचं होतं. “चांदणीसारखं चमकेल,” मी सांगून बसलो. त्यांनी ते पाडाभर केलं. निघताना मी आणखी एक वाक्य बोललो, “मावशी, हे घरच्या भांड्यासारखं जपा.”

लावणीनंतरचं पहिलं चित्र हाती यायला दोन महिने लागले. शेतं काळी, ठिपका कुठेच नाही. मी एसटी पकडून पाड्यावर गेलो. पत्रे राखेने घासून लखलखीत केले होते आणि सगळं व्यवस्थित पालथं घातलं होतं.

“हे कुणी केलं?”

“मी न् सुनेनं. पावसात भांडं उताणं ठेवतं का कोन? आन् तुमच्या भांड्याच्या बुडाला भोक हाय, ठावं हाय ना?”

“पाणी जायलाच होतं ते.”

“मंग घरच्या भांड्यासारखं कशाला बोललात? आमच्या घरच्या भांड्यांना भोकं नाय.”



उपग्रह त्याच वाटेने परत यायला महिना उलटे, आणि त्यानंतर लगेच कापणी. म्हणजे हाती एकच खेप होती. पत्रे मी स्वतः सरळ केले. उपग्रह येणार त्या सकाळी मावशी नवं लुगडं नेसून पत्र्यांशेजारी ताठ उभ्या राहिल्या.

“निघाला का फोटो? पाय दुखाय लागले.”

मी घड्याळ बघून म्हणालो, “निघाला.”

पुढचं चित्र मी छापून घेऊनच गेलो. भात वर आल्याने खाचरं उजळली होती, आणि त्यांत मावशींच्या कोपऱ्यात पांढराशुभ्र ठिपका. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

“ह्ये भांडं. आन् मी कुठं हाय?”

“रडारला माणूस दिसत नाही, मावशी. पत्र्यांसारखा तो लहरी परतवत नाही, चित्रात फार बारीक पडतो.”

“म्हंजे भांडं दिसलं, घासनारी नाय दिसली.”

पडवी हसली, सून सगळ्यांत जास्त. मी खिशातलं पेन काढलं आणि पांढऱ्या ठिपक्याला खेटून एक निळा ठिपका दिला. “ह्या तुम्ही.”

मावशींनी चित्र डोळ्यांपासून लांब धरून बघितलं.

“येवढी बारीक मी कधी झाले?”

मी ठिपका मोठा केला.