दादाचं नरसाळं

मोटार मोठा आवाज करते म्हणजे ती जोरात चढते, असं मानणाऱ्या माणसांशी मी आयुष्यात पुष्कळ वाद घातले आणि एकही जिंकलो नाही. त्यातला पहिला वाद माझ्या सख्ख्या थोरल्या भावाशी झाला. त्यापायी माझ्या मुलीचं मॅट्रिकचं वर्ष जाता जाता राहिलं.

आमची सुपारीची बाग श्रीवर्धनच्या बाजूला. बाग मी बघायचो. दादा मुंबईला एका कचेरीत हेडक्लार्क होता. साठ सालानंतर आम्ही दोघांनी मिळून एक जुनी, इंग्रजी बनावटीची मोटार घेतली. निम्मे पैसे त्याचे, निम्मे माझे. गाडी वर्षभर मी चालवायचो, धुवायचो, तिचं तेल-पाणी बघायचो. दादा गणपतीत यायचा, शिमग्याला यायचा, मे महिन्यात यायचा. घरात मात्र ती दादाची गाडी.

त्या वर्षी मुलगी अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला होती. आमच्या शाळेला परीक्षेचं केंद्र म्हसळ्याचं मिळालं होतं. मधे घाट. आईचं म्हणणं, पोर परक्या घरी राहायची नाही, रोज घरी आली पाहिजे. मी म्हटलं, गाडी आहे ना, रोज नेईन आणि रोज आणीन. गाडीने तेवढं एक काम करावं, एवढीच माझी अपेक्षा होती.

गणपतीला दादा आला तो डोक्यात एक खूळ घेऊनच. मुंबईला त्याच्या कोणा मित्राने त्याला मोटारींच्या शर्यती दाखवल्या होत्या. आल्या आल्या त्याने बॉनेट उघडलं आणि कार्बोरेटरवरच्या काळ्या गोल भांड्यावर पान्ह्याने टकटक केलं.

"हे काय आहे, माहीत आहे?"

"एअर क्लीनर."

"गळफास आहे! गाडीला श्वास घेऊ देत नाही. शर्यतीच्या गाड्यांना हे नसतंच."

त्या भांड्याच्या तळाशी थोडं तेल असतं आणि वर तारेची जाळी. आत जाणारी हवा तेलावरून जाते, धूळ तिथेच बसते. दर महिन्याला ते तेल ओतून टाकताना तळाशी बोटभर तांबडा चिखल निघायचा, तो मी स्वतः काढत होतो. मी दादाला म्हटलं, "शर्यतीची गाडी एका दुपारपुरती पळते आणि मग तिचं इंजिन उघडतात. आपल्याला हीच गाडी पाच वर्षं चालवायची आहे."

"तू ना, जन्मभर सुपाऱ्याच मोजत बस," दादा म्हणाला, आणि सगळे हसले.

त्याने कंदील दुरुस्त करणाऱ्याकडून पत्र्याचं एक नरसाळं करून आणलं. भांडं काढून त्याच्या जागी ते बसवलं, रुंद तोंड गाडीच्या समोरच्या जाळीकडे करून. समोरचा वारा आपोआप आत घुसणार, असं शास्त्र. गाडी सुरू केली तर तिने अशी डरकाळी फोडली की गोठ्यातली म्हैस दावं तोडू लागली. दादाने सकाळच्या गारव्यात दोन पोरांना घेऊन घाट चढून दाखवला. गावात बोलबाला झाला. तेव्हापासून आमच्या गाडीला लोक विमान म्हणू लागले.

मी दुसऱ्या दिवशी भांडं परत बसवलं. तेवढीच माणसं, तीच वेळ, तोच घाट, आणि हातात घड्याळ. मग भांडं काढून, नरसाळं लावून पुन्हा तसंच. सबंध घाटात नरसाळ्याने वाचले ते सात सेकंद. पेट्रोल दोन्ही वेळा सारखंच. हे मी दादाला जेवताना सांगितलं.

"तुझं घड्याळ मागे पडत असेल," दादा म्हणाला. "आवाज ऐकलास ना तू?"

"आवाजाने घाट चढतो का?"

आई म्हणाली, "जेवताना भांडू नका. तो थोरला आहे, मुंबईत राहतो, त्याला कळतं."

जाताना त्याने काय केलं, तर मी पुन्हा भित्रेपणा करू नये म्हणून ते भांडं कोळीवाड्यातल्या एका नाखव्याला देऊन टाकलं. मला न विचारता. कळल्यावर मी धावलो. नाखवा होडीवर भात शिजवत बसला होता. भांड्यातली जाळी उपटून त्याने त्यात निखारे भरले होते.

"दादांनीच दिला, अप्पा," तो म्हणाला. "बघा, शेगडी कशी झकास झाली. वाऱ्यात पन विझत न्हाय."

त्याच्यावर काय रागावणार? मी दादाला कळवलं, मुंबईत दुसरं भांडं मिळेल, पाठव. एकदा नाही, तीनदा कळवलं. त्याचं उत्तर एकच: गरज नाही. पावसाळी रस्त्यावर धूळ नसते, तेव्हा त्याचंच खरं वाटायचं. दिवाळीनंतर रस्ते वाळले. माघ उजाडेपर्यंत गाडी पूर्वीच्या दुप्पट तेल पिऊ लागली. ते मी गाडीत ओतत होतो, म्हणून मला ठाऊक. मी बायकोच्या जुन्या मलमलीच्या लुगड्याचा तुकडा दुहेरी करून नरसाळ्याच्या तोंडावर दोऱ्याने बांधला. रोज संध्याकाळी झटकायचा. रोज तो तांबडा व्हायचा.

शिमग्याला दादा आला. बॉनेट उघडलं आणि ओरडला, "अरे, गाडीला झबलं कुणी शिवलं?"

अंगणातली सगळी पोरं खिदळली. माझी बायकोसुद्धा तोंडाला पदर लावून हसली, हे मी विसरलेलो नाही. दादाने तो तुकडा ओढून काढला आणि त्यालाच हात पुसले. मी म्हटलं, "परीक्षा आठवड्यावर आली आहे. ती होईपर्यंत तरी राहू दे."

"परीक्षा तिची आहे की गाडीची?" दादा म्हणाला. होळीची पोळी खाऊन तो मुंबईला गेला. मी दुसरा तुकडा मागितला तेव्हा आईने स्पष्ट सांगितलं, "त्याने काढलंय ना, मग नाही बांधायचं." आणि मी ऐकलं. घरात वाद नको म्हणून.

पहिला पेपर गणिताचा. लागतो त्याच्या दुप्पट वेळ हाताशी धरून आम्ही निघालो. कोळीवाड्यापाशी रस्त्याच्या कडेने जवळा, ती अगदी बारीक कोळंबी, वाळत घातला होता. पुढे एक लॉरी. तिच्या मागे तांबड्या धुळीत जवळ्याचा चुरा उडत होता, आणि आमचं नरसाळं समोरून आ वासून सगळं गिळत होतं. घाटाच्या तिसऱ्या वळणावर विमान ठसकलं, दोनदा डरकाळलं आणि गप्प झालं.

"बाबा, चढेल ना?" मुलीने मागून विचारलं.

"चढेल," मी म्हटलं, आणि हत्यारं काढली.

कार्बोरेटर सोडवत होतो तोवर माशांच्या पाट्या भरलेली दुसरी लॉरी खालून आली. ड्रायव्हर कोळीवाड्यातलाच.

"काय अप्पा, विमान उतरला व्हय रस्त्यावर?" त्याने हसत विचारलं. मग मागे बसलेली मुलगी आणि तिच्या हातातली पट्टी त्याला दिसली. "पेपर हाय पोरीचा? मग बोलत काय नाय? बसव तिला पुढं. वास मारील, पन टायमाला नेतो."

ती चढून बसली. लॉरी वळण घेईपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही.

मी रस्त्यावर रुमाल पसरून कार्बोरेटर उघडला. जेटच्या बारीक भोकात तांबड्या मातीची गोळी अडकली होती आणि तिच्यात रोवलेली जवळ्याची एक मिशी. केसाएवढी. ती मी चिमटीत धरून उन्हाकडे केली. माझ्या पोरीच्या अकरा वर्षांच्या शाळेच्या आड ही आली होती. कशासाठी? सात सेकंदांसाठी.

गाडी सुरू करून मी म्हसळ्याला गेलो आणि शाळेबाहेर बसून राहिलो. मुलगी बाहेर आली. घंटा होऊन गेल्यावर पोचली होती. आत घेतलं, पण शेवटचा प्रश्न राहिला. हाताला माशांचा वास येत होता, म्हणून शेजारची मुलगी बाक सरकवून बसली, हेही तिने सांगितलं.

"बाबा, मी उद्यापासून इथेच राहते. आमच्या बाई उतरल्यात तिथे."

"अगं, गाडी झाली सुरू."

"आत्ता झाली," ती म्हणाली.

मी एकटाच घरी आलो. आई दारात उभी. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "थोरला असता तर ही वेळ आली नसती."

एप्रिलमध्ये मी स्वतः मुंबईला गेलो, भंगाराच्या बाजारात दोन दिवस हिंडून तसंच भांडं शोधलं, मांडीवर घेऊन एसटीने आलो आणि बसवलं. धुळीने झिजलेल्या इंजिनाच्या रिंगाही बदलाव्या लागल्या.

मे महिन्यात दादा आला. मी त्याला जेटमधल्या मिशीची हकीकत सांगितली. त्याने क्षणभर विचार केला.

"म्हणजे दोष कोळणींचा," तो म्हणाला. "रस्त्यावर जवळा कशाला वाळत घालतात?" आणि बॉनेट उघडून, "पुन्हा आवळलास गळा? आण तो पान्हा."

मी पान्हा दिला नाही. गाडीची चावी खिशात घातली आणि म्हटलं, "तुझे निम्मे पैसे बागेच्या उत्पन्नातून फेडीन. पण बॉनेटला हात लावायचा नाही."

आई म्हणाली, "अरे, तो थोरला आहे."

"असू दे," मी म्हटलं. आईला असं उत्तर मी पूर्वी कधी दिलं नव्हतं.

दादा त्या गाडीत पुन्हा बसला नाही. गाडी शांत झाली आणि तोच घाट जवळजवळ तेवढ्याच वेळात चढू लागली. गावातले लोक मात्र आजही म्हणतात की दादांच्या वेळी गाडीत जोर होता, अप्पांनी तिला मऊ करून टाकली. मी सात सेकंदांचा हिशेब सांगतो. ते मान हलवतात आणि डरकाळीची आठवण काढतात.

मुलगी पास झाली. जूनमध्ये तिला कॉलेजसाठी पनवेलच्या एसटीवर सोडायला निघालो. ट्रंक मागे ठेवली. ती आत बसली नाही. पुढे गेली, बॉनेट उचललं, भांडं जागेवर आहे ना ते वाकून पाहिलं, हाताने हलवून पाहिलं. मग बॉनेट लावलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

मला वाईट वाटलं नाही. आमच्या घरात आधी बघून मग बसणारं माझ्याखेरीज ते एकच माणूस होतं.