मालिणीचा वन्समोअर

डिसेंबरात चार दिवस सुट्टी टाकून रायपूरला कोण जातं, असं ऑफिसात विचारलं गेलं. काम आहे, एवढंच मी सांगितलं. ते खरंही होतं. कुंदाआत्यानं मला कामच दिलं होतं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्न होऊन नागपूरहून रायपूरला गेली, तिथल्या सरकारी ऑफिसात नोकरी केली, निवृत्त झाली, आणि या सगळ्या काळात तिथल्या एका लहानशा मराठी नाट्यमंडळात गात राहिली. संगीत नाटक, म्हणजे संवादांच्या मध्ये पदं. पद रंगलं की प्रेक्षकांतून कुणीतरी 'वन्समोअर' ओरडायचं आणि नाटक तिथंच थांबवून गाणाऱ्यानं तेच पद पुन्हा म्हणायचं, अशी जुनी रीत. आत्याला पूर्वी असे वन्समोअर मिळायचे. देणारी मंडळी रेल्वे कॉलनीतली, पुढच्या रांगेतली. त्यातली बरीच आता मुलांकडे राहायला गेली, काही या जगातूनच गेली. हल्लीचे प्रेक्षक शेवटी टाळ्या वाजवतात आणि मधे मोबाईलवर शूटिंग करतात. कित्येक वर्षांत आत्याला एकही वन्समोअर मिळालेला नाही.

फोनवर ती म्हणाली, "हे आमचं शेवटचं संगीत नाटक हाय. भालेराव पेटी घेऊन पोराकडे चालले, हैदराबादले. मंग आमच्यात पेटीवाला कोणी नाही. पुढच्या साली नुसतं गद्य." आणि मग, "तू ये. चांगलं झालं तर वन्समोअर दे. नाही झालं तर चूप बस. बाकीचे लाडानं ओरडतील, त्यायचा मले भरोसा नाही."

मी कारखान्यातल्या पंख्यांचे आणि कॉम्प्रेसरचे आवाज मोजते. घरात माझी ख्याती अशी, की भाजी छान झालीय हे मी वर्षातून एकदा म्हणते. मी तिकीट काढलं.

नागपूर ते रायपूर रेल्वेनं साधारण पाच तास. महामार्गही चांगला आहे, पण रेल्वेनंच जा आणि सकाळची गाडी घ्या, कारण गोंदिया सुटल्यावर सालेकशाच्या पुढं जंगल लागतं आणि ते उजेडात बघण्यासारखं आहे. पुढं डोंगरगडला टेकडीवरचं देऊळ खिडकीतून दिसतं. माझ्या समोरच्या बाईंनी ते दिसताच हात जोडले, मग मला डबा पुढं करून विचारलं, रायपूरमें किसकी शादी है? नाटक बघायला चाललेय हे ऐकून त्यांनी आणखी एक ठेपला दिला. काळजीनं दिला असावा.

स्टेशनवर आशू आला होता, आत्याचा मुलगा. त्याला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. घरी पोचलो तर शेजारच्या ललिता दीदी फरा घेऊन आलेल्या. तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वळकट्या, वर तिळाची फोडणी, सोबत टोमॅटोची चटणी. रायपूरला गेलात तर हॉटेलात शोधत बसू नका, कुणाच्या तरी घरी ओळख काढा. मी चार खाल्ले आणि 'छान झालेत' म्हणाले. आत्यानं आशूकडे पाहिलं. या वर्षीचं संपलं, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

संध्याकाळी तालीम. भनपुरीच्या औद्योगिक भागात मंडळातल्या एकांचं ट्रान्सपोर्टचं गोदाम आहे, तिथं. बाहेर ट्रकची रांग, आत सिमेंटच्या पोत्यांपुढे राजदरबार. कथा सोपी: राजाच्या बागेतला मोगरा चोरल्याचा आळ मालिणीवर येतो, राजा तिला हाकलतो, जाताना ती बागेचा निरोप घेते आणि पद गाते. मालीण आत्या. राजा वानखेडे काका. नाटक त्यांनीच लिहिलंय, त्यामुळे राजाला बोलायला भरपूर आहे. बोलण्यासारखं किती आहे हा प्रश्न वेगळा.

आत्यानं निरोपाचं पद म्हटलं. मग पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटल्यावर तिनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

मी म्हणाले, "वरचा सूर खाली लागतोय."

बाहेर एका ट्रकनं हॉर्न दिला, तो मात्र सुरात होता.

"किती?"

"फार नाही. पण तिन्ही वेळा."

भालेराव काका पेटीकडे बघत म्हणाले, "मी महिन्याभरापासून हेच म्हणून राहिलो."

"तुम्ही म्हणून नाही राहिले, भालेराव. तुम्ही नुसते माझ्याकडे पाहून राहिले."

प्रश्न पट्टीचा होता. पेटीच्या कोणत्या स्वरापासून गायचं, ती गाणाऱ्याची पट्टी. आत्या तरुणपणापासून काळी चारमध्ये गाते. काका सुचवत होते की अर्धा सूर खाली यावं, पांढरी पाचला. बाहेरच्याला हा फरक कळणारसुद्धा नाही. आत्यासाठी मात्र ते खुर्ची सोडून पाटावर बसण्यासारखं होतं. तिनं पदर खोचला, पाणी प्यायली, आणि पांढरी पाचमध्ये म्हटलं. वरचा सूर लागला. तालीम पुढं गेली. परतताना गाडीत ती म्हणाली, "बाकीचे वा वा करत होते न. म्हणून तुले बोलावलं."

शनिवारी आशू मला नवा रायपूर दाखवायला घेऊन गेला. त्याचं ऑफिस तिथंच. रस्ते इतके रुंद आणि मोकळे, की सिग्नलला उभं राहिलं की आपण कुणाची वाट बघतोय असा प्रश्न पडतो. बस फार कमी, तेव्हा स्वतःचं वाहन किंवा दिवसभराची टॅक्सी हवी. अशा एका रस्त्यावर आशूनं चारही काचा खाली घेतल्या आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "वन्समोअर!" दूरवरची एक गाय वळून बघायला लागली.

त्याची सगळी तयारी झाली होती. ऑफिसातली सात-आठ जणं येणार, त्यानं खूण केली की सगळ्यांनी ओरडायचं. मी म्हणाले, आत्याला खोटा नकोय. "दीदी, मम्मी को मालूम थोड़ी पड़ेगा," तो म्हणाला. मग त्यानं चारही काचा वर घेतल्या, कारण तिला कळेल हे त्यालाही माहीत होतं. शेवटी म्हणाला, "आप शुरू करोगी तो हम पीछे आ सकते हैं ना?" मी हो म्हटलं. पण मी सुरू करीन असं काही सांगितलं नाही. मी आयुष्यात कधी सभागृहात ओरडलेले नाही. क्रिकेटच्या मॅचलाही नाही.

रविवारी संध्याकाळी प्रयोग. प्रवेश विनामूल्य, लवकर जाऊन जागा पकडायची. आत्या रंगपटात नऊवारी नेसून, नथ घालून बसली होती आणि चष्मा पुसत होती. स्टेजवर ती चष्म्याशिवाय जाते. समोर नुसता अंधार दिसतो, मग भ्यायचं कोणाले, असं तिचं म्हणणं. मी चांगलं होईल वगैरे काही म्हणाले नाही. तीही त्याची वाट बघत नव्हती.

सभागृह निम्म्याहून जास्त भरलं होतं. आशू त्याच्या लोकांसोबत मागं. माझ्या शेजारी ललिता दीदी. त्यांना मराठी येत नाही, म्हणून मी कथा सांगितली आणि वन्समोअरची रीतही. त्यांनी विचार करून छत्तीसगढीत विचारलं, "अउ पइसा?" त्यांच्याकडे नाचा असतो, गावातलं लोकनाट्य, त्यात गाणं आवडलं की लोक नोट नेऊन देतात. मी म्हणाले, इथं पैसे नाहीत, नुसतं ओरडायचं. "हव," हो अशा अर्थानं त्या म्हणाल्या, पण त्यांना हे जरा कंजूष वाटलं असावं.

निरोपाच्या पदाआधी मी मोबाईलवर सूर दाखवणारं ॲप उघडून मांडीवर ठेवलं. कानाचा भरोसा नको, आकडा बघू, असा विचार. भालेराव काकांनी पांढरी पाच दिली. आत्या गायला लागली. मोगऱ्याच्या एकेका झाडाला ती नाव घेऊन हाक मारत होती, जणू सासरी निघालेली मुलगी बहिणींना. वरचा सूर आला. ती त्यावर गेली आणि तिथं थांबली, आणि काय सांगू, तो दिव्यासारखा लागला. पद संपलं, ती डाव्या विंगेत निघून गेली. मी खाली पाहिलं तर मोबाईलचा पडदा केव्हाच काळा झाला होता.

टाळ्या झाल्या. नेहमीच्या, सभ्य. माझं तोंड उघडलं होतं आणि त्यातून काही येत नव्हतं. टाळ्या संपल्या. वानखेडे काका पुढं आले आणि राजाच्या आवाजात म्हणाले, "सेनापती, फाटक लावा. बकऱ्या आत येतात."

आणि नेमका तेव्हा माझा आवाज फुटला. "वन्समोअर!"

अख्खं सभागृह माझ्याकडे वळलं. वानखेडे काका जागच्या जागी थिजले. त्यांना उभ्या आयुष्यात कधी वन्समोअर मिळाला नव्हता. गद्य वाक्याला तो कुणालाच मिळत नाही. त्यांनी मुकुट सारखा केला, दोन पावलं मागं गेले, पुन्हा पुढं आले आणि पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त भावनेनं म्हणाले, "सेनापती... फाटक लावा. बकऱ्या आत येतात."

सेनापतींनीही पुन्हा मुजरा केला.

हसण्याचा जो लोट उठला त्यात मी खुर्चीत जेवढी खाली जाता येईल तेवढी गेले. तेवढ्यात शेजारी ललिता दीदी उठून उभ्या राहिल्या आणि शेतावरून हाक मारावी तशा कडाडल्या, "राजा ला नहीं! मालिन ला बलाव! एक घांव अउ!" एक घांव अउ, म्हणजे आणखी एकदा. मागून आशूची पलटण सुटली, "वन्समोअर, वन्समोअर," मग मधल्या रांगा, मग पुढच्या रांगेतले उरलेले दोघं-तिघं आजोबा काठ्या आपटत. मी केव्हा उभी राहिले मला आठवत नाही. ओरडत होते एवढं नक्की.

आत्या आली. थंडी म्हणून विंगेत तिनं नऊवारीवर तपकिरी स्वेटर चढवला होता, डोळ्यांवर चष्मा होता. स्वेटर काढून तिनं सेनापतींच्या हातात दिला. त्यांनी तो भाल्यावर टाकला. चष्मा काढायला ती विसरली, किंवा नसेलही विसरली. तिनं सगळं सभागृह नीट बघून घेतलं. रांगांमागून रांगा. मग मी.

मग ती भालेराव काकांकडे वळली आणि चार बोटं दाखवली. काळी चार.

काकांनी मान नकारार्थी हलवली. बोटं तशीच. काका हसले आणि दिली.

ती गात असताना ललिता दीदी माझे गुडघे ओलांडून निघाल्या. मला कळलं तोवर त्या स्टेजच्या कडेशी पोचल्या होत्या, हातात दहाची नोट. पद संपताच आत्या वाकली, नोट घेतली, कपाळाला लावली आणि कमरेला खोचली. माझ्या ओळखीतल्या कुठल्याच मालिणीनं चोरीच्या आळानंतर एवढ्या ऐटीत एक्झिट घेतलेली नाही. आता वानखेडे काकांना पुन्हा तिथूनच सुरू करणं भाग होतं. ते पुढं आले, त्यांनी तोंड उघडलं, आणि वाक्य पाठ झालेल्या सगळ्या सभागृहानं त्यांच्याबरोबर म्हटलं, "सेनापती, फाटक लावा. बकऱ्या आत येतात."

यापेक्षा मोठी, महागडी नाटकं मी पाहिली आहेत. फिरते रंगमंच, बाहेरून आलेले वाद्यवृंद, उत्तम ध्वनियोजना. त्यांतल्या एकाही प्रयोगात मला हसून उचकी लागली नव्हती.

रंगपटात गर्दी होती. सगळे आत्याला मिठ्या मारत होते. तिनं मला बाजूला ओढलं. "वरचा?"

"पहिल्यांदा बरोबर. दुसऱ्यांदा किंचित खाली."

"माहीत हाय मले," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा मजा करायची होती."

सोमवारी सकाळी आशूनं पोहे-जलेबी खाऊ घालून गाडीत बसवलं. गरम पोह्यांसोबत गरम जलेबी हा प्रकार मला आधी पटत नव्हता, आता पटतो. खर्चाचं म्हणाल तर जेवण-राहणं आत्याकडे, बाकी रेल्वेचं तिकीट आणि आशूच्या गाडीत टाकलेलं पेट्रोल. हॉटेलात राहिलात तरी नागपूरहून सहज परवडणारा प्रवास आहे. नाटकाची चौकशी मात्र आधी करा. जाहिरात होत नाही, ओळखीतूनच कळतं.

नागपूरला माझा घसा बुधवारपर्यंत बसलेला होता. ऑफिसात सर्दी का, असं विचारलं. मी हो म्हटलं. चाचणीच्या खोलीत पंखा सुरू करून आकडे टिपताना एकदा मधेच बकऱ्या आठवल्या आणि ते मोजमाप पुन्हा घ्यावं लागलं.

गुरुवारी आत्याचा फोन आला. ललिता दीदींचा दीर पेटी घेऊन येऊन गेला म्हणे. गावातल्या रामायण मंडळीत वाजवतो. आपल्या पदांच्या चाली त्याला माहीत नाहीत, पण सूर धरून ठेवतो. बघू, ती म्हणाली. तिचं बघू म्हणजे तालमीची तारीख ठरली असा अर्थ असतो. मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "एक खरं सांग. आशूनं तुले शिकवून ठेवलं होतं का? ठरवून ओरडली का तू?"

"आत्या," मी म्हणाले, "ठरवून ओरडले असते तर वेळेवर नसते का ओरडले?"

पलीकडे ती हसायला लागली, आणि काळी चारमध्ये हसत राहिली.