तीन वर्षांचा दाखला

आमची नात म्हणजे लाखात एक बरं का, पण बारावीपर्यंत तिनं पुस्तकातून मान वर काढली नाही. कॉलेजच्या अर्जात 'इतर उपक्रम' हा रकाना कोराच! मग घाईघाईनं ती एका अंध, निवृत्त शिक्षिकाबाईंना वाचून दाखवायला गेली.

"आज उशीर केलास गं," बाई म्हणाल्या.

"बाई, मी पहिल्यांदाच येतेय."

"चेष्टा पुरे! तीन वर्षं दर सोमवारी येतेस. तुझा आवाज ओळखत नाही होय मी?" बाईंनी तसा दाखलाच लिहवून दिला.

अर्जाची सोय झाली, पण तो खोटा दाखला पोरीला पचेना. पुढच्या सोमवारी ती दाखला परत करायला गेली आणि दारातच थिजली. आत तिच्याच आवाजात वाचन चाललं होतं.