अश्विनीचा घरघरणारा डबा

‘गेली’ म्हणू नका रे. मेली अश्विनी. डेंगीनं. फायनल इयरची परीक्षा तोंडावर असताना.

सगळ्यांचे स्टेटस बघितले. हसरा फोटो, खाली दोन पांढरी फुलं. तुमच्यातल्याच निम्म्यांनी तिला ‘बेडशाची सायंटिस्ट’ म्हणून चिडवलंय. त्यावरूनच एकाची कॉलर धरली होती मी, आणि पुढं कॉलेजच सोडलं.

आज तिचा दहावा झाला, म्हणून लिहितोय. भांडायचं असेल तर कमेंटमध्ये या.

तिला उजेड ऐकायचा होता.

हसू नका.

शेंगदाण्याएवढा एक सेन्सर मिळतो. उजेड पडला की वीज सोडतो, अंधारात अडवतो. त्याला चार पार्ट, एक स्पीकर आणि बॅटरी जोडली की झालं. उजेड वाढला की सूर चढतो, सावली आली की उतरतो. हेच तिचं वाद्य.

मी म्हणालो, "मोबाईलवर ॲप असेल ना याचं."

"ॲप उजेडाचे आकडे करणार, मग आकड्यांचा आवाज. मला मधे कोणी नकोय."

"मीपण नको?"

"तू सोल्डरिंग कर."

कामशेतला मी ज्या मोबाईल रिपेअरच्या दुकानात काम करतो, तिथं ती दर रविवारी यायची. शटर अर्धं खाली, वर ट्यूबलाईट, टेबलावर आम्ही दोघं. स्टीलचा डबा तिनं घरून आणलेला, झाकणाला भोकं पाडून. म्हणे, "प्लास्टिक नको, बाहेरच्या वायरींची घरघर पकडेल."

तरी घरघरायचाच.

उन्हात नेला की कान फाटेल असा किंचाळायचा. दुकानात आणला की सुरासोबत घर्र. घशात कफ अडकल्यासारखा.

स्पीकर बदलला. सगळे जोड उकलून परत केले. पुन्हा घर्र.

एकदा माझं डोकं फिरलं. डबा आपटायलाच निघालो. तिनं मनगट धरलं.

"एकदा स्वच्छ वाजू दे. मग काय आपटायचं ते आपट."

मनगट. तेवढंच काय ते.

मी ठरवलं होतं, डबा नीट वाजला की त्याच दिवशी तिला सांगायचं. काय ते तुम्हाला कळलंच असेल. तिला कळलं होतं का, माहीत नाही.

मग तिला ताप आला. एक रविवार चुकला. पुढच्या रविवारी ती नव्हती.

परवा दुपारी डबा परत द्यायला बेडशाला, तिच्या गावी गेलो. दारात तिचा मोठा भाऊ.

"कोन रं तू?"

"कॉलेजचा मित्र."

"कालेजातली समदी येऊन गेली."

"मी सोडलं कॉलेज."

त्यानं माझ्या हातात बघितलं आणि आत ओरडला, "आये, तुजा डबा घावला!"

तिची आई बाहेर आली. झाकणावरून बोट फिरवलं.

"शेवंचा डबा माजा. भोकं कुनी पाडली?"

"तिनंच, मावशी."

"मला म्हनली, मैत्रिनीकडं ऱ्हायलाय." ओठ हलले मावशींचे. हसू होतं की काय होतं. "करतंय काय ह्ये? दाव की."

लाईट गेलेली. दार लोटलेलं. तिला जिथं शेवटचं ठेवलं होतं, त्या कोपऱ्यात दिवा. दहाव्यापर्यंत विझू द्यायचा नसतो तो.

डबा दिव्यासमोर ठेवला. बटण दाबलं आणि घर्रची वाट बघत बसलो.

आलीच नाही.

सूर आला. एकच. स्वच्छ. ज्योत हलली की तोही जरासा हलायचा.

मावशी तेल घालायला वाकल्या. त्यांची सावली पडली, सूर खाली उतरला. सरकल्या, वर आला. त्यांनी मुद्दाम हात आडवा धरला. काढला. परत धरला.

भाऊ भिंतीला टेकून खाली बसला.

तेवढ्यात लाईट आली. ट्यूब लागली.

घर्र.

"बिघाडलं व्हय?" भाऊ म्हणाला.

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. ट्यूब आपल्याला सलग पेटलेली दिसते. खरं तर ती सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डबा तेच ऐकवत होता, पहिल्या रविवारपासून. आणि आम्ही त्याच ट्यूबखाली बसून चांगल्या डब्याची आतडी काढत होतो.

"नाही दादा. कधीच बिघडला नव्हता."

मग मला आवरलंच नाही. परक्याच्या घरात, मोठ्यानं रडलो. मावशींनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"निस्ता मित्रच व्हतास का रं?"

"व्हय मावशी."

दुसरं काय सांगणार? मेलेल्या पोरीच्या वतीनं मी कसा बोलू?

आज घाटावर मागं उभा होतो. घरी दिवा काढला असेल. डबा मावशींकडंच आहे, मी मागितला नाही. हितं ट्यूबखाली तो ठेवून करू काय?

कधी वाटतं, पहिल्याच रविवारी स्वच्छ वाजला असता तर पुढचे रविवार ती आलीच नसती. मग स्वतःचीच किळस येते. तिला ऐकायचं होतं रे. एकदाच ऐकायचं होतं.

अश्विनी, तुझं सर्किट बरोबर होतं. एकही जोड चुकला नव्हता.

अखेरचा नमस्कार.